बाजरी दुकानातून, ज्वारी घरातून

शेवगाव तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरी वर्षातून दोनदा बियाण्याचा विचार होतो. एकदा मृगाच्या तोंडावर बाजरीसाठी, आणि दुसऱ्यांदा हस्ताच्या आसपास रब्बी ज्वारीसाठी. पहिल्या वेळी तो कृषी सेवा केंद्रात जातो. दीड-दीड किलोच्या पिशव्यांवरची नावे वाचतो, गेल्या वर्षी शेजाऱ्याने काय पेरले होते ते आठवतो, आणि पुष्कळदा मागच्या वर्षीपेक्षा वेगळ्या नावाची पिशवी घेऊन घरी येतो. दुसऱ्या वेळी तो घरातलेच पोते सोडतो. त्यात एकरी चार किलोच्या हिशेबाने राखून ठेवलेली मालदांडी असते. घरातली संपली असेल, तर भावकीतून किंवा शेजारच्या गावच्या पाहुण्याकडून आणलेली असते, पण असते मालदांडीच.

माणूस एकच, रान एकच, घरही एकच. तरी बाजरीचे वाण दर काही वर्षांनी बदलतात आणि ज्वारीचा मात्र आजोबाने पेरलेला वाण नातूही पेरतो. असे का, हा या लेखाचा प्रश्न आहे. माझे गाव याच तालुक्यातले असल्याने हा प्रश्न मला लहानपणापासून समोर दिसत होता. तो इतिहासाचा प्रश्न आहे, हे मात्र उशिरा कळले.

या इतिहासाची पहिली अडचण कागदाची आहे. सातबाऱ्यातला गाव नमुना बारा कोणत्या गटात कोणते पीक, किती क्षेत्रावर, जिरायत की बागायत, एवढे सांगतो. वाण सांगत नाही. तलाठ्याच्या लेखी १९३० सालची ज्वारी आणि आजची ज्वारी एकच. १८८४ साली प्रसिद्ध झालेल्या अहमदनगर जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये बाजरी हे जिल्ह्याचे मुख्य पीक म्हणून नोंदलेले आहे आणि ज्वारीलाही मोठे स्थान आहे. पण कुणब्याच्या घरात कोणते बी कशासाठी राखले जात होते, हे तेथून पुरतेपणी कळत नाही. म्हणून वाणाचा इतिहास लिहायचा तर सरकारी कागदाला जमिनीची, दुष्काळाची, जनावरांची आणि स्वयंपाकघराची जोड द्यावी लागते.

सुरुवात जमिनीपासून करू. शेवगाव हा जिल्ह्याच्या पूर्व टोकाचा तालुका. उत्तरेला आणि पूर्वेला गोदावरी, पलीकडे पैठण. नदीकडच्या पट्ट्यात खोल काळी जमीन आहे. दक्षिणेला पाथर्डीच्या बाजूने सरकत गेले की माती हलकी होत जाते, मुरूम वर येतो. पाऊस पर्जन्यछायेतला, सरासरीने पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या घरात, आणि त्याचा मोठा भाग परतीच्या वाटेवर पडणारा. त्यामुळे पिकांची वाटणी जणू निसर्गानेच करून ठेवली आहे. हलक्या रानात ओल टिकत नाही, तेथे जून-जुलैच्या पावसावर येऊन ऐंशी-नव्वद दिवसांत घरी येणारी बाजरी. काळ्या रानात पावसाळाभर मशागत करून ओल साठवायची आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ज्वारी पेरायची. पुढे पाऊस आला नाही तरी ती साठलेल्या ओलीवर आणि थंडीच्या दहिवरावर उभी राहते.

जुन्या काळी दोन्ही पिकांचे बी खळ्यावर निवडले जाई. मळणीपूर्वी चांगली, भरदार, एकसारखी कणसे बाजूला काढायची, वेगळी बडवायची, राखेत किंवा कडुनिंबाच्या पाल्यात घालून ठेवायची. हे काम बहुतेक घरांत बायकांचे असे, कारण कोणत्या ज्वारीची भाकरी थापताना तुटते आणि कोणत्या ज्वारीचे पीठ चांगले चिकट होते, हे त्यांच्याच हाताला ठाऊक. एका घरात एकच ज्वारी नसे. खायला एक, हुरड्यासाठी गूळभेंडीची चार तासे, लाह्यांसाठी आणखी एखादी. बाजरीत तूर-मटकी मिसळलेली, ज्वारीत करडईचे पाटे टाकलेले. एक बुडाले तर दुसरे हाती लागावे, ही त्यामागची व्यवस्था होती.

व्यवस्थेला तडा जाई तो दुष्काळात. १८७६-७८ आणि १८९९-१९०० या मोठ्या दुष्काळांत नगर जिल्हा होरपळला. दुष्काळात माणूस आधी उधारी करतो, मग जनावर विकतो आणि अगदी शेवटी बियाण्याला हात लावतो. बी खाल्ले गेले की पुढच्या हंगामाला सावकाराच्या दारात जावे लागे. तेथून सवाई-दिढीने मिळेल ते बी आणायचे. त्यात निवड कसली? घरात राखलेले बी म्हणजे स्वातंत्र्य, ही समजूत या अनुभवातून आलेली आहे. पुढच्या काळातले शेतकऱ्याचे वागणे समजून घेताना ती विसरून चालत नाही.

मालदांडीची गोष्ट येथे येते. १९३०च्या दशकात सोलापूर जिल्ह्यातील मोहोळच्या संशोधन केंद्रावर स्थानिक मालदांडी ज्वारीतून एक शुद्ध वाण निवडला गेला. तोच एम ३५-१. त्यात बाहेरून काही आणलेले नव्हते. शेतकऱ्यांच्याच शेतात पिढ्यान्‌पिढ्या निवडत आलेल्या ज्वारीतून शास्त्रज्ञांनी उत्तम झाडे वेचली, त्यांची संतती तपासली आणि सर्वांत सरस ठरली ती परत शेतकऱ्याच्या हाती दिली. खळ्यावर जे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत होते, तेच केंद्रावर काटेकोरपणे झाले. म्हणून हे बी गावात आले तेव्हा परके वाटले नाही. टपोरा, मोत्यासारखा चमकदार दाणा, गोडसर भाकरी, माणसाच्या डोक्यावर जाणारे ताट आणि जनावर आवडीने खाईल असा कडबा. खोडमाशीला ती बऱ्यापैकी दाद देत नाही आणि ओल कमी पडली तरी पार पदर सोडत नाही.

तीस वर्षांनी आलेल्या बियाण्याची जन्मकथा अगदी वेगळी होती. १९५४ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये ज्वारीतली नरवंध्यता वापरून मोठ्या प्रमाणावर संकरित बी तयार करण्याची वाट सापडली. त्या वाटेने भारतात १९६४ साली सीएसएच-१ हा पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. पाठोपाठ १९६५ साली लुधियानाहून एचबी-१ ही पहिली संकरित बाजरी आली. तिची मादी बाजू अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात तयार झालेली होती. राष्ट्रीय बीज निगम १९६३चे, बियाणे कायदा १९६६चा, राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८चे, महाबीज १९७६चे. गोदावरीपलीकडे जालन्याला बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको स्थापन केली. दहा-बारा वर्षांत बियाण्याची एक संपूर्ण नवी दुनिया उभी राहिली. अन्नधान्याची टंचाई होती, परदेशी धान्याची जहाजे येत होती, आणि मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी राज्य धान्यात स्वयंपूर्ण करण्याचा विडाच उचलला होता. एकरी दाणा वाढवणे हे त्या काळाचे एकमेव माप होते. त्या मापामागची निकड खरी होती, हेही मान्य केले पाहिजे.

याच सुमारास शेतकऱ्यांची वर्गवारी करण्याचे शास्त्रही परदेशातून आले. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मका कसा पसरला, याचा ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांचा अभ्यास १९४३ साली प्रसिद्ध झाला. पाहणीतल्या २५९ शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून सर्वांनी तो मका स्वीकारला होता. पुढे एव्हरेट रॉजर्स यांनी १९६२च्या आपल्या ग्रंथात नवे स्वीकारणाऱ्यांच्या पायऱ्या पाडल्या. सर्वांत पुढे अडीच टक्के धाडसी आणि सर्वांत मागे सोळा टक्के मागासलेले. आपल्याकडच्या कृषी विस्ताराच्या अभ्यासक्रमात ही वर्गवारी पक्की बसली. नवे बी घेतो तो प्रगतिशील, घेत नाही तो परंपरावादी.

आता ही पट्टी शेवगावला लावून पाहा. एकच शेतकरी जूनमध्ये प्रगतिशील ठरतो आणि ऑक्टोबरात मागासलेला. चार महिन्यांत माणसाचा स्वभाव बदलत नाही. पट्टी चुकीची आहे. आयोवातला मका बव्हंशी डुकरांच्या आणि गुरांच्या पोटात जात होता. त्याची भाकरी कोणी थापत नव्हते, आणि त्याच्या ताटांवर वर्षभर बैलजोडी जगवायची नव्हती. तेथे दाण्याचे वजन हे माप जवळजवळ पुरेसे होते. येथे ते अर्धेच माप होते.

ज्वारीचा हिशेब मांडून पाहिला की हे उघड होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने ज्वारीच्या शेतातून दोन पिके निघतात, दाणा आणि कडबा. सीएसएच-१ लवकर येणारी आणि बुटकी. दाणा जास्त, पण कडबा थोडा आणि जाड. शिवाय ती खरिपाची. सप्टेंबरच्या पावसात कणीस सापडले की दाण्याला बुरशी येऊन तो काळा पडे. अशा ज्वारीला बाजारात भाव नाही आणि ताटात मान नाही. विदर्भात, खानदेशात आणि मराठवाड्यात खरीप ज्वारीची परंपरा होती, तेथे हायब्रीड पसरलीही. शेवगावच्या खरिपात बाजरी बसलेली होती आणि काळे रान रब्बीसाठी राखलेले होते. रब्बीसाठी पुढे वेगळे संकरित वाण निघाले. पण रब्बीची पेरणी म्हणजे खोडमाशीचाच हंगाम, पुढे ओल तुटली की खडखड्या रोग, आणि दाण्याला मालदांडीची चमक नाही. कोणत्याही एका कसोटीवर ते मागे पडले असते तर चालले असते. ते एकाच वेळी तीन-चार कसोट्यांवर मागे पडत होते.

त्यात १९७२चा दुष्काळ आला. दुष्काळी कामांवर सुकडी आणि रेशनवर परदेशातून आलेली तांबडी मिलो यांवर माणसे जगली. मिलोने जीव वाचवले, हे खरे. पण ती भाकरी त्या पिढीच्या जिभेवरून गेली नाही. ‘हायब्रीड’ हा शब्द दिसायला जोमदार पण आत कस नसलेल्या कोणत्याही गोष्टीला, अगदी माणसालाही लावला जाऊ लागला, तो याच काळात. बोलीभाषेने दिलेला तो अभिप्रायच होता.

बाजरीचे गणित निराळे. बाजरीच्या सरमाडाला कडब्याची सर नाही, म्हणून तिच्यात दाण्याचे वजन हेच मुख्य. रान हलके आणि दिवस थोडे, म्हणून लवकर येणारा वाण हवाच. आणि आणखी एक कारण आहे, ते फुलात दडलेले आहे. ज्वारीचे फूल बहुतांशी आपल्याच परागाने फळते. त्यामुळे मालदांडीचे चांगले कणीस राखले की पुढच्या वर्षी मालदांडीच उगवते. बाजरीच्या कणसात आधी स्त्रीकेसर बाहेर पडतात आणि पराग मागाहून येतो, म्हणून तिला शेजारच्या कणसाचा, शेजारच्या रानाचाही पराग लागतो. एकदा शिवारात चार जणांनी संकरित बाजरी पेरली की पाचव्याचे घरचे बी जुने राहत नाही. आणि संकरित बी घरी राखून पुन्हा पेरले तर पीक उंचसखल, फुटकळ येते. म्हणजे बाजरीचे बी दुकानात गेले आणि ज्वारीचे घरात राहिले, याला शेतकऱ्याच्या स्वभावापेक्षा या दोन फुलांचा स्वभाव जास्त कारणीभूत आहे.

दुकानात जाण्याची किंमतही बाजरीवाल्यांनी मोजली. एचबी मालिकेतले वाण देशभर पसरले आणि १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला गोसावी रोगाने, ज्याला केवडाही म्हणतात, त्यांचा फडशा पाडला. कणसाच्या जागी पानांचा झुपका येतो आणि दाणा भरतच नाही. मग बीजे-१०४ आला. तो लोकप्रिय झाला आणि १९८०च्या दशकात तोही याच रोगाला बळी पडू लागला. एकच वाण मैलोन्‌मैल पसरला की रोगालाही एकच कुलूप उघडावे लागते. यातून शेतकरी एक धडा शिकला, तो असा की वाण आपल्याला सोडून जाण्याआधी आपणच त्याला सोडावे. बाजरीची पिशवी दर दोन-तीन वर्षांनी बदलण्याच्या सवयीला नव्याची हौस म्हणणे चूक आहे. ती रोगाने लावलेली सावधगिरी आहे.

या मालिकेत एक अपवाद महत्त्वाचा आहे. १९८८ साली आयसीटीपी ८२०३ हा वाण प्रसारित झाला. हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील इक्रिसॅट संस्थेने तो पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशाच्या उत्तर भागातील टपोऱ्या दाण्याच्या स्थानिक बाजरीतून निवडला होता. तो संकरित नाही, त्यामुळे निगुतीने राखला तर त्याचे बी पुढच्या एक-दोन हंगामांनाही चालते. लवकर येणारा, गोसावीला टिकणारा, दाणा मोठा. महाराष्ट्राच्या बाजरी पट्ट्यात तो झपाट्याने पसरला. त्यातूनच पुढे लोहाचे प्रमाण जास्त असलेली ‘धनशक्ती’ निवडली गेली आणि २०१२च्या सुमारास महाराष्ट्रात आली. राहुरी विद्यापीठाने ‘श्रद्धा’ आणि ‘सबुरी’ हे संकरित वाण दिले, त्यांची नावे नगर जिल्ह्याला वेगळी समजावून सांगावी लागत नाहीत. टोगोतल्या कुठल्याशा शेतकरणीने राखलेले बी आणि मोहोळच्या शिवारातले बी यांत एक साम्य आहे. दोन्ही ठिकाणी शास्त्रज्ञाने शेतकऱ्याच्या निवडीवर आपली निवड चढवली, आणि दोन्ही बियाणी टिकली.

राहुरीचे विद्यापीठही ज्वारीच्या बाबतीत हळूहळू शेतकऱ्याच्या प्रश्नाकडे वळले. त्यांच्या आजच्या शिफारशी जमिनीच्या खोलीवरून होतात. तीस सेंटिमीटरपर्यंतच्या हलक्या जमिनीला फुले अनुराधा किंवा फुले माउली, साठ सेंटिमीटरपर्यंतच्या मध्यम जमिनीला फुले सुचित्रा, फुले चित्रा किंवा मालदांडी, त्याहून खोल जमिनीला फुले वसुधा किंवा फुले यशोदा. हुरड्यासाठी फुले मधुर, लाह्यांसाठी फुले पंचमी. सर्वांना एकच सर्वोत्तम वाण, हा १९६०च्या दशकातला विचार मागे पडला. रानाप्रमाणे आणि ताटाप्रमाणे बी, हा खळ्यावरचा जुना विचार विद्यापीठाच्या पत्रकात आला. हे नवे वाण शेवगावच्या शिवारात दिसू लागले आहेत. ते सरळ वाण आहेत, दाणा मालदांडीच्या जातकुळीचा आहे, कडबा मिळतो आणि बी घरी राखता येते. शेतकऱ्याने अट बदललेली नाही. ती यांनी पुरी केली, म्हणून यांना दार उघडले.

इथवर ही गोष्ट शहाणपणाच्या विजयाची वाटेल. पण आज प्रश्न कोणती ज्वारी, हा राहिलेला नाही. ज्वारी पेरायची की नाही, हा झाला आहे. पैठणच्या नाथसागराचा फुगवटा तालुक्याच्या उत्तर कडेला आला. त्यात काही गावांची उत्तम काळी जमीन गेली आणि उरलेल्यांना पाणी मिळाले. मुळा धरणाचा उजवा कालवा आला. त्या पाण्यावर ऊस उभा राहिला. २००२ नंतर बीटी कापूस आला आणि त्याने जिरायत काळे रानही घेतले. २०१३च्या अन्नसुरक्षा कायद्याने गहू दोन रुपये आणि तांदूळ तीन रुपये किलो दिला. गरिबाच्या घरी धान्य आले, ही मोठी गोष्ट. पण घरच्या ज्वारीची निकड त्याने कमी केली. ट्रॅक्टरने बैल कमी केले, दुधाने गाई वाढवल्या. कडब्याची गरज संपली नाही, पण तिच्यात उसाचे वाढे, मका आणि मुरघास वाटेकरी झाले.

आणि सर्वांत अवघड गोष्ट मजुरीची. मालदांडी मुळासकट उपटून काढावी लागते. भेगाळलेल्या काळ्या रानात, फेब्रुवारीच्या उन्हात, दिवसभर वाकून. त्याच दिवसांत तालुक्याच्या दक्षिण भागातली आणि शेजारच्या पाथर्डीची कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांना ज्वारी उपटणे झेपत नाही. यंत्राने काढणी करायची तर ताट बुटके, सरळ आणि एकसारखे हवे. म्हणजे ज्या गुणांसाठी १९६४ची हायब्रीड आपण नाकारली, तेच गुण आज मजूर मिळत नाहीत म्हणून मागावे लागतील. त्यात कोणी बदलले असेल तर ते घर. शेतकऱ्याची अक्कल होती तशीच आहे.

म्हणूनच बियाण्याचा हक्क ही आता नुसत्या जुन्या आठवणींची बाब राहिलेली नाही. २००१च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला आपले बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि नाममुद्रा न लावता विकण्याचाही हक्क दिला आहे. आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यात कोंभाळणे येथे राहीबाई पोपेरे यांनी देशी वाणांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अकोल्याचा पाऊस आणि डोंगर शेवगावला नाही, त्यामुळे तेथले बी येथे चालेलच असे नाही. घेण्यासारखी आहे ती पद्धत. कोणाच्या घरी कोणते बी आहे, ते कशासाठी राखले आहे आणि कोणी राखले, याची नोंद त्यांनी केली.

शेवगावात अशी नोंद अजून करता येईल. पेव बुजली, कणग्या गेल्या, पण गूळभेंडी कोणत्या शेताच्या कोणत्या कडेला पेरत होतो, १९७२ साली पोटाला चिमटा घेऊन बियाण्याचे गाडगे कोठे लपवले होते, कोणत्या साली बाजरीच्या कणसांना गोसावी लागला, हे सांगणाऱ्या ऐंशीच्या पुढच्या बायका अजून गावोगाव आहेत. गावच्या ग्रामपंचायतीने किंवा शाळेने एक वही घातली तरी पुरे. गटाचा नंबर, जमिनीची खोली, पेरलेला वाण आणि तो पेरण्याचे कारण, असे चार रकाने. सातबाऱ्याने आजवर जे विचारले नाही, ते त्या वहीने विचारावे. पुढच्या पन्नास वर्षांत येथे कोणते बी टिकले आणि का, हे लिहायला बसणाऱ्याला निदान कागद तरी मिळेल.